साम्यवाद म्हणजे नेमके काय? सुरतच्या लूमपासून तलासरीच्या डोंगरापर्यंत

सुरत : लिंबायत, उधना, पांडेसरा भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे कापड धंद्यावर जगतात. लाल बावटा सगळ्यांनी पाहिलेला; पण त्यामागचा विचार काय, असे विचारले की उत्तर बहुधा ‘संप’ एवढेच येते.

हा विचार वाढलाही सुताच्याच धंद्याजवळ. जर्मनीचा फ्रेडरिक एंगेल्स वडिलांची भागीदारी असलेल्या मँचेस्टरच्या सूतगिरणीत कामाला होता. तिथल्या कामगार वस्तीचे हाल पाहून त्याने १८४५ मध्ये पुस्तक लिहिले. पुढे १८४८ मध्ये कार्ल मार्क्स आणि त्याने मिळून लिहिलेला ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ लंडनमध्ये छापला गेला.

मुख्य तत्त्व हिशेबाने समजते. समजा, एका पाळीत कारागिराच्या हातून निघालेल्या कापडात सूत, वीज, मशीनची झीज वजा जाता हजार रुपयांची भर पडली. त्याला मिटरवर मजुरी मिळाली सहाशे. उरलेले चारशे नफा, व्याज, भाडे अशा नावांनी दुसरीकडे जातात. वहीखात्यात हा साधा नफा. मार्क्सच्या लेखी हे न दिलेले श्रम, म्हणजे ‘वरकड मूल्य’. म्हणून लूम, जमीन, कारखाना ही उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची हवीत, अशी मागणी. राहते घर, भांडीकुंडी काढून घेतात हा निव्वळ गैरसमज. शेवटी वर्ग उरणार नाहीत, सरकारही गळून पडेल, असे तत्त्व सांगते. रशियात १९१७ नंतर झाले उलटेच, सगळी सत्ता एका पक्षाच्या हातात गेली.

मराठीत ही चर्चा श्रीपाद अमृत डांगे यांच्या ‘गांधी विरुद्ध लेनिन’ (१९२१) या इंग्रजी पुस्तिकेनंतर वाढली. १९२८ मध्ये मुंबईत गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

पण सीमाभागाला जवळचा इतिहास वारल्यांचा. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबायचे. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरी गावी किसान सभेची मोठी सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, तरी लढा थांबला नाही. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्याचेच पुस्तक. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिले.

धुळ्याचे शरद पाटील यांचा मात्र मूळ सिद्धांतावरच आक्षेप होता. नुसता वर्ग धरून भारत समजत नाही, जातही धरली पाहिजे, असे म्हणत त्यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. गाववाल्याच्या, जातवाल्याच्या ओळखीवर खोली आणि काम मिळवून सुरतेत आलेल्या खानदेशी माणसाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.