उष्म्याची मृत्युगणना

महापूर आला वा भूकंप झाला, म्हणजे त्याचा वृत्तांत लिहिणारे पुष्कळ भेटतात. कारण पडलेली घरे सर्वांना दिसतात. उष्म्याचे तसे नाही. तो भिंत पाडीत नाही की शेत बुडवीत नाही. तो घराघरांतून एकेक माणूस नेतो, आणि त्या मृत्यूची नोंद हृदयविकार, वार्धक्य अशा भलत्याच नावाखाली होते. अशा शत्रूपासून गोरगरिबांचे रक्षण करावयाचे, तर आरंभ कोठून करावा? अहमदाबाद शहराची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे.

हे शहर उन्हाला नवखे नव्हे. जुन्या पोळांतील अरुंद गल्ल्यांना समोरासमोरच्या घरांची सावली मिळे, आणि चौकाखालच्या टाक्यात पावसाचे पाणी साठविलेले असे. पुढे १८६१ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांमागोमाग कामकऱ्यांची दाट वस्ती आली. त्यांच्या वाट्याला ना पोळातली सावली आली, ना टाक्यातले पाणी. पुढे पुष्कळांच्या डोक्यावर आला तो पत्रा. सूर्य सर्वांना सारखाच तापवितो खरा, पण छप्पर मात्र सर्वांचे सारखे नसते.

मे २०१० मध्ये या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात एकंदर ४,४६२ माणसे मरण पावली. पुढे संशोधकांनी मृत्युनोंदींची वही उघडून २००९ व २०११ या सालांतील मे महिन्यांशी ताळा घातला, तेव्हा तेथील सरासरी ३,११८ निघाली. म्हणजे १,३४४ माणसे अधिक गेली होती. कोणत्याही एका दाखल्यावर जे लिहिलेले नव्हते, ते बेरीज-वजाबाकीने उघड केले.

या आकड्यांनी महापालिका जागी झाली. महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्यसंस्था व इतर सहकारी यांनी मिळून २०१३ साली उष्माविरोधी कृतियोजना आखली. दक्षिण आशियातील अशी ही पहिलीच योजना. हवामानाचे भाकीत आगाऊ मिळवावे, धोक्याच्या पायरीप्रमाणे पिवळा, नारिंगी व तांबडा इशारा द्यावा, डॉक्टरांना शिक्षण द्यावे, पाणपोया घालाव्या, देवालये व सार्वजनिक इमारती विसाव्यासाठी वापराव्या, अशी तिची साधी कलमे आहेत. नागपूरनेही २०१६ साली अशी योजना स्वीकारली.

उपाय किती साधा असू शकतो, ते पाहा. महापालिकेच्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष अगदी वरच्या मजल्यावर, गच्चीखालीच होता. तो खालच्या मजल्यावर हलविला, आणि उष्म्याने आजारी पडणाऱ्या नवजात बालकांची संख्या पुष्कळच घटली. पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही सुरू झाले. तापलेला पत्रा ऊन आत सोडतो, पांढरा पत्रा ते बरेचसे परतवितो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे योजनेनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सरासरीने दरसाल सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत.

तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. तांबडा इशारा ऐकून घरी थांबणे त्यालाच शक्य असते, ज्याची त्या दिवसाची भाकरी त्या दिवसाच्या मजुरीवर अवलंबून नसते. हातगाडी ओढणारा इशारा ऐकतो, आणि गाडी ओढीतच राहतो. त्याच्यासाठी दुपारचे काम थांबले आणि मजुरी मात्र थांबली नाही, तरच इशारा खऱ्या अर्थाने त्याच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल. मृतांची गणना करावयास आपण शिकलो. जिवंतांची गणना अद्याप व्हावयाची आहे.