‘बीस साल बाद’ : गोंदियाचा निकाल

गेल्या दिवाळीची गोष्ट. लक्ष्मीपूजन आटोपले होते, फराळाची ताटे फिरून झाली होती, आणि पुण्याहून आलेला नातू म्हणाला, “आजोबा, तुमच्या काळातला एखादा घाबरवणारा सिनेमा लावा ना.” मी त्याला १९६२ सालचा ‘बीस साल बाद’ लावून दिला. त्याने तो शेवटपर्यंत निमूट पाहिला आणि मग आपला निकाल जाहीर केला, “गाणी छान आहेत. पण आजोबा, ही तर बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट! आणि मग ह्यात शेरलॉक होम्स कुठे आहे?”

मला हसू आले. हाच प्रश्न मी साठ वर्षांपूर्वी गोंदियात, टॉकीजबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकला होता. तो विचारणारे आमचे इंग्रजीचे गुरुजी होते. त्यांना त्या रात्री जे उत्तर मिळाले, ते मी अजून विसरलेलो नाही. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पण आधी त्या कुत्र्याची हकिकत सांगायला हवी. आर्थर कॉनन डॉयल यांची ही कादंबरी १९०१ च्या ऑगस्टपासून ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः आली आणि १९०२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. डार्टमूरच्या ओसाड माळावर बास्करव्हिल घराण्याचा वाडा आहे. त्या घराण्यामागे एक शाप लागलेला आहे, आणि वारसांना मारणारे एक भुताटकीचे कुत्रे त्या माळावर फिरते अशी समजूत आहे. होम्स येतो आणि सिद्ध करतो की, कुत्रे खरेच आहे, त्याच्या तोंडाला फॉस्फरस चोपडलेला आहे, आणि त्याच्यामागे इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला एक दूरचा वारस आहे. भुताचा निकाल बुद्धीने लागतो. युरोपात मूकपटांच्या काळापासून ह्या कथेवर चित्रपट निघत आले. आपल्याकडे तिला प्रथम हात घातला तो बंगाल्यांनी. १९५१ साली अजय कर यांनी तिच्यावरून ‘जिघांसा’ हा बंगाली चित्रपट काढला. त्याचे संगीत हेमंतकुमारांचे होते. अकरा वर्षांनी हेच हेमंतकुमार निर्माते झाले, आणि त्यांनी तोच विषय हिंदीत आणला. दिग्दर्शन बीरेन नाग यांच्याकडे दिले. नाग मूळचे कलादिग्दर्शक. त्यामुळे तो काळापांढरा वाडा, ते धुके आणि ती दलदल अजूनही अंगावर येते. विश्वजित यांचा तो पहिलाच हिंदी चित्रपट, आणि नायिका वहिदा रेहमान. रात्री दलदलीतून ऐकू येणाऱ्या त्या गाण्यासाठी लताबाईंना आणि गीतकार शकील बदायुनींना फिल्मफेअरची पारितोषिके मिळाली.

कुत्रे मात्र गेले. त्याच्या जागी आली रात्री गाणारी एक बाई. होम्सही गेला. एक गुप्तहेर चित्रपटात आहे, पण तो असित सेन यांनी रंगवलेला, म्हणजे हसवण्यापुरता!

आता गोंदियाकडे येऊ. त्या वेळी गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. १९६२ साली ते एक तालुक्याचे गाव होते, पण रेल्वेचे जंक्शन. भातगिरण्यांचे भोंगे, बिडीचे कारखाने आणि बालाघाट-नैनपूरकडे जाणारी छोटी लाईन, अशी त्याची ओळख. मुंबई-नागपूरला लागलेला चित्रपट आमच्याकडे यायला बरेच महिने लागत. ‘बीस साल बाद’ आला तेव्हा धान कापून, मळून घरात आले होते. दिवाळीनंतर सुरू झालेल्या गावोगावच्या मंडया उलगल्या होत्या, आणि दंडार पाहून डोळे तयार झालेली मंडळी हातात चार पैसे घेऊन शहरात येत होती. कोणी छोट्या लाईनने येई, कोणी बैलगाडी जुंपून. पुढे खाली बसणारे, मागे खुर्चीवर बसणारे, आणि एका बाजूला बायका. मी तेरा वर्षांचा होतो. वडील आणि गुरुजी खुर्चीवर, आणि माझ्या दोन बोटांच्या फटीतून दिसेल तेवढा चित्रपट मी पाहिला.

खेळ सुटल्यावर टपरीवर जी चर्चा झाली, तिला मी गोंदियाचा निकाल म्हणतो. पहिला पक्ष भुताचा होता. भूत खोटे निघाले म्हणून ही मंडळी चांगलीच नाराज होती. तीन तास जीव मुठीत धरून बसायचे, आणि शेवटी म्हणे माणूसच! दुसरा पक्ष गाण्यांचा. त्यांना खून कोणी का केला असेना, पुन्हा उद्या गाण्यांसाठी यायचे होते. तिसरा पक्ष गुरुजींचा, आणि त्यात ते एकटेच होते. त्यांनी डॉयल वाचला होता. ते म्हणाले, “कथेचा कणाच काढून टाकला आहे. तर्क नाही, शोध नाही. होम्सशिवाय ही गोष्ट म्हणजे नवऱ्याशिवाय वरात.”

तेवढ्यात आमच्या शेजारची, कारखान्यात बिडी वळणारी मावशी पुढे आली. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. तिने विचारले, “गुरुजी, तुमचा तो सायबाचा जासूस आला असता तं त्यानं कोनाले धरलं असतं?”

“खुन्याला,” गुरुजी म्हणाले.

“अन् ठाकूरले? त्याले कोनी धरलं जी?”

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवे. एका ठाकुराने गावातल्या एका मुलीची अब्रू घेतली, तिने जीव दिला, आणि त्यानंतर ठाकुराच्या घराण्यातले पुरुष एकामागून एक दलदलीत मरू लागले. शेवटी कळते की हे भूत नव्हे, त्या मुलीचा बाप आहे. डॉयलच्या कथेत खून इस्टेटीसाठी होतात. हिंदीत ते मुलीसाठी होतात. बायकांच्या बाजूला सगळ्यांचे मत तेच होते : तो धरला जायला नको होता.

गुरुजी त्या रात्री काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वर्गात ते पुस्तक घेऊन आले, आणि त्यांनी दुसरे प्रकरण काढले. त्यात त्या घराण्याच्या शापाची जुनी कथा आहे. ह्यूगो नावाच्या बास्करव्हिलने एका शेतकऱ्याच्या मुलीला पळवून वाड्यात कोंडले. ती निसटली, माळावरून धावत सुटली, आणि भीतीने व थकव्याने मेली. “मुलांनो,” गुरुजी म्हणाले, “ही मुलगी मूळ पुस्तकातही आहे. मी ते प्रकरण आजवर प्रस्तावना म्हणून वाचत होतो. कालच्या बाईंनी ती गोष्ट म्हणून वाचली.” आपली चूक वर्गासमोर कबूल करणारे शिक्षक मी पुढेही फारसे पाहिले नाहीत.

मावशीला हे कुठून सुचले, ते समजायला आमच्या भागाचा इतिहास पाहावा लागतो. गेल्या शतकाआधीच्या शतकात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात, इंग्रजांनी मध्यप्रांतातल्या मालगुजारांना गावांची मालकी दिली. शेत त्यांचे, जंगल त्यांचे, तलावही त्यांचे. आमच्याकडचे तलाव आजदेखील ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणूनच ओळखले जातात. त्यांतले किती तरी चांगल्या, धोरणी हातांनी बांधले गेले, हेही खरे. पण ज्याच्या हाती पाणी, त्याच्याच हाती माणसेही होती. वेठ होती, आणि वाड्यावर कामाला जाणाऱ्या लेकीबाळी होत्या. १९५० च्या कायद्याने ही मालकी संपली, आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अंमलात आला. म्हणजे आम्ही ‘बीस साल बाद’ पाहिला तेव्हा मालगुजारी जाऊन बारा वर्षेही पुरती झाली नव्हती. पडद्यावरचा वाडा मुंबईच्या माणसाला भुताचा वाटला असेल. आमच्या पुढच्या रांगेला तो ओळखीचा होता.

ह्याची उलट बाजू मला तीन वर्षांनी दिसली. १९६५ साली ‘गुमनाम’ आला. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ च्या कादंबरीची ती हिंदी छाया. दिग्दर्शक आपले राजा नवाथे, नायिका मास्टर विनायकांची कन्या नंदा, आणि सोबत धुमाळ. ख्रिस्तीच्या त्या बेटावर प्रत्येक पाहुण्याच्या माथी एक असा मृत्यू असतो, ज्याला कायद्याचा हात पोचत नाही. हिंदीत त्या जागी टोळीतल्या लोकांचा आपापसातला सूड आला. गोंदियाने तो चित्रपट आवडीने पाहिला, मेहमूदला हसला, हेलनला दाद दिली. पण टपरीवर कोणी भांडले नाही. कोण मेला आणि कोणी मारले, ह्यात कोणाचेच काही गुंतले नव्हते.

आता राहिले माझे वडील. त्या रात्री टपरीवर तेवढे एकटेच गप्प होते. ते मालगुजारी असेतो एका गावच्या मालगुजाराच्या कचेरीत लिहिण्याचे काम करीत, आणि नंतर भातगिरणीत मुनीम झाले. मावशीचा प्रश्न ऐकून त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि ते घराकडे चालू लागले. मला वाटले, उशीर झाला म्हणून.

कारण कळले ते पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारात. एका दुपारी त्यांनी आपणहून विषय काढला. कचेरीत असताना एक शेतमजूर दोन दिवस ओट्यावर येऊन बसला होता. त्याची मुलगी वाड्यावर धान पाखडायला जाई. ती परत आली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती तलावात सापडली. गावात काय बोलले जात होते ते वडिलांना ठाऊक होते, आणि मुलीच्या बापालाही. ठाण्यात पाठवायचा कागद लिहायचे काम वडिलांकडे आले. “मी लिहिले, पाय घसरून पाण्यात पडली,” ते म्हणाले. “तसे लिही म्हणून मला सांगितले होते. त्या माणसाला वाचता येत नव्हते. त्याने विचारले, बाबू, बरोबर लिहिलं ना? मी हो म्हटले. त्याने अंगठा उठवला.” पुढच्या महिन्यात तो बैलजोडी विकून गाव सोडून गेला.

“सिनेमातल्या बापाने निदान वीस वर्षे लक्षात तरी ठेवायला लावले,” वडील म्हणाले. “ह्याचे नाव कागदावर होते, आणि तो कागद माझ्या अक्षरात होता.”

मी काय बोलणार? त्यांच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले आणि बसून राहिलो.

हे सारे मी नातवाला त्या रात्री सांगितले. पणत्या विझत आल्या होत्या. त्याने होम्सचा विषय पुन्हा काढला नाही. बऱ्याच वेळाने त्याने एवढेच विचारले, “आजोबा, त्या मुलीचं नाव काय होतं?”

वडिलांनी ते सांगितले नव्हते. आणि मी, तेव्हा चांगला कर्ता पुरुष असूनही, विचारले नव्हते.