बटणं कपाटामागे होती: कॅलिफोर्नियाच्या घरांचा कोड

आजचा एपिसोड सुरू होतो आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधून. पुणे, सगळ्यात वरचा मजला, एप्रिल महिना. रात्री अकरा वाजता मी स्टुलावर उभं राहून छताला हात लावला, तर स्लॅब चक्क गरम! दिवसभर ऊन पिऊन रात्री तेच खोलीत सोडत होता. एसीचं बिल भरतो आम्ही तिघं मित्र. पण स्लॅबवर उष्णता अडवणारा थर टाकायचा की नाही, हे ठरवलं बिल्डरने. तो फ्लॅट विकून कधीच मोकळा झाला.

मग मला प्रश्न पडला, हे भांडण आधी कुणी सोडवलंय का? शोधता शोधता पोचलो कॅलिफोर्नियात.

ऑक्टोबर १९७३. अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. काही महिन्यांत भाव जवळजवळ चौपट झाले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. बर्कलीच्या प्रयोगशाळेत आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते, एन्रिको फर्मींचे विद्यार्थी. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी घरी निघताना ते आपल्या मजल्यावरच्या वीस खोल्यांचे दिवे बंद करायला गेले, तर बटणंच सापडेनात! काही फायलींच्या कपाटामागे, काही पोस्टरखाली. त्यात वीस मिनिटं गेली. वीज इतकी स्वस्त होती की दिवा बंद करायचा असतो, हेच लोक विसरले होते.

मे १९७४ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी वॉरन-अल्क्विस्ट कायद्यावर सही केली. त्यातून राज्याचा ऊर्जा आयोग उभा राहिला. नवीन घरं आणि ऑफिसं किती ऊर्जा खातील, याचे नियम करायचा अधिकार आयोगाला मिळाला. १९७८ पासून हे नियम 'टायटल २४' या नावाने ओळखले जातात.

आता आपल्या, म्हणजे प्रोग्रॅमर लोकांच्या आवडीचा भाग. घरांच्या नियमांच्या मसुद्यात खिडक्यांच्या आकारावर सरसकट मर्यादा होती. खिडकी कुठल्या दिशेला आहे, याचा विचारच नाही. रोझेनफेल्डना हे पटेना. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं, म्हणजे फुकटचा हीटर! त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड गोल्डस्टीन यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. तो घराचा उत्तरेचा आणि दक्षिणेचा भाग वेगवेगळा मोजायचा, म्हणून नाव 'टू-झोन'. याच वाटेवर पुढे 'डीओई-२' आला. कायद्याचा कोड नीट लिहायला आधी कॉम्प्युटरचा कोड लागला, हे वाचून मला जाम भारी वाटलं.

पुढे काय झालं? दर तीन वर्षांनी नवीन व्हर्जन. २०२० पासून बहुतेक नव्या घरांवर सोलर सक्तीचं. आणि सत्तरच्या दशकानंतर अमेरिकेत माणशी वीजवापर वाढत गेला, तर कॅलिफोर्नियात तो जवळपास होता तिथेच राहिला. लोक याला 'रोझेनफेल्ड इफेक्ट' म्हणतात.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण अर्थतज्ज्ञ अॅरिक लेव्हिनसन यांनी प्रत्यक्ष घरांची बिलं तपासली. घराचा आकार, हवामान, राहणाऱ्यांचं उत्पन्न हे सगळं धरून पाहिल्यावर, नियम आल्यानंतर बांधलेली घरं जुन्या घरांपेक्षा फारशी कमी वीज वापरत नव्हती. हा निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आला आणि त्यावर अजून वाद आहे. मला त्यातून एवढं कळलं, की कॉम्प्युटरवर पास झालेलं घर आणि माणसं राहतात ते घर वेगळं असू शकतं. टेस्टिंगला पास आणि प्रॉडक्शनला बोंब, हे आपल्याला काही नवीन नाही! म्हणून मी नियम फेकून द्या म्हणणार नाही. बांधून झाल्यावरही मोजा, असं म्हणेन.

आपल्याकडेही हे आहे बरं का. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. व्यावसायिक इमारतींची संहिता २००७ ची, घरांसाठीची 'इको निवास संहिता' २०१८ ची. केंद्राने आखायचं आणि राज्याने आपल्या हवामानाप्रमाणे लागू करायचं, अशी रचना आहे. इको निवास संहितेत माझ्या स्लॅबचंही उत्तर आहे: छताचं यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२. म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते, त्याचा आकडा. जितका कमी, तितकं घर थंड.

गेल्या महिन्यात ताईसोबत एका नव्या प्रोजेक्टचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो. मी विचारलं, "छताचं यू-व्हॅल्यू किती?" सेल्सवाल्या दादांनी आम्हाला स्विमिंग पूल दाखवला. ताईने बुकिंग थांबवलंय. लेखी उत्तर आलं तरच पुढचं बोलू, असं सांगून आलो.

तुम्हीही घर बघायला जाल तेव्हा हा एक प्रश्न नक्की विचारा आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!