हिगोनोकामी: एका स्वस्त चाकूची कथा आणि त्याच्या मालकाचे काम

१/ जपानमध्ये ‘हिगोनोकामी’ नावाचा एक घडीचा चाकू आहे. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, पोलादाचे एक पाते आणि दोहोंना जोडणारा एक रिव्हेट, एवढाच त्याचा संसार. एके काळी तो शाळकरी मुलांच्या खिशात सर्रास सापडे. आज त्या नावाने चाकू घडवणारी अधिकृत कार्यशाळा एकच उरली आहे. हे कसे घडले, त्याचा हा इतिहास.

२/ कथा सुरू होते ह्योगो प्रांतातील मिकी या गावी. १५७८ मध्ये ओदा नोबुनागाचा सेनानी हिदेयोशी याने मिकीच्या किल्ल्याला वेढा घातला. रसद तोडली गेली. सुमारे बावीस महिने आतले लोक उपासमार सोसत राहिले. १५८० च्या आरंभी किल्लेदार बेश्शो नागाहारु याने आपल्या माणसांच्या जीवदानाच्या बदल्यात आत्मबलिदान केले आणि किल्ला पडला.

३/ उद्ध्वस्त गाव पुन्हा उभे करायचे, तर सुतार हवेत आणि सुतारांना हत्यारे पुरवणारे लोहार हवेत. पुनर्बांधणीच्या निमित्ताने असे कारागीर मिकीत एकवटले आणि बरेच जण तेथेच स्थिरावले. पुढची तीन शतके करवती, पटाशा, रंधे यांसाठी मिकीचे नाव झाले. तलवारींपेक्षा हत्यारांचे हे गाव होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

४/ १८७६ मध्ये मेइजी शासनाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आणली. शस्त्रकारांचा धंदा बसला आणि अनेकांना घरगुती हत्यारांकडे वळावे लागले. लोखंडकामाचे सारे कसब आता सामान्य माणसाच्या गरजांकडे येऊ लागले. घडीच्या स्वस्त चाकूचा जन्म या काळातला.

५/ मिकीत सांगितल्या जाणाऱ्या हकिगतीनुसार, १८९० च्या दशकात तेथील एका हत्यार-व्यापाऱ्याने दक्षिणेकडील कागोशिमाहून एक लहान चाकू आणला आणि त्यावर सुधारणा करून स्थानिक लोहाराकडून नवा चाकू घडवून घेतला. माल खपला तो मुख्यतः क्युशू बेटावर. तेथील कुमामोतोचे जुने नाव ‘हिगो’. म्हणून चाकू झाला ‘हिगोनोकामी’, म्हणजे हिगोचा अधिपती. काही पैशांच्या वस्तूला सरदाराची पदवी मिळाली!

६/ नाव गाजले की नकला आल्याच. मिकीच्या उत्पादकांनी संघ स्थापला आणि १९१० मध्ये हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले. मुठीवर ही अक्षरे कोरण्याचा अधिकार आता संघाच्या सदस्यांपुरता मर्यादित झाला. स्वस्त माल आणि बनावट माल यांच्यात रेघ ओढली गेली ती येथे.

७/ मग त्या अक्षरांनी ग्राहकाला कशाची हमी दिली? पात्याची. चांगल्या प्रतीच्या चाकूत कठीण पोलादाचा थर मऊ लोखंडात बसवलेला असे. धार पोलाद धरी, आघात लोखंड सोशी. खर्च जो काही व्हायचा तो येथे. बाकी सर्वत्र काटकसर: स्प्रिंग नाही, पाते अडकवून ठेवणारी कळ नाही, मुठीला लाकूड किंवा शिंग नाही.

८/ पाते उघडे राहते ते केवळ घर्षणाच्या बळावर. पात्याच्या मुळाशी ‘चिकिरी’ नावाची लहान शेपटी असते. ती अंगठ्याने दाबली की पाते बाहेर येते, आणि काम करताना त्याच अंगठ्याखाली दबून राहते. म्हणजे कळीचे काम मालकाच्या हाताने करायचे. अशा चाकूकडून आपोआप सुरक्षिततेची अपेक्षा करणे हा चाकूचा दोष नव्हे.

९/ दुरुस्तीही तशीच. वापराने रिव्हेट सैल होतो आणि पाते लुळे पडते. तेव्हा रिव्हेटचे एक टोक ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर टेकवायचे आणि दुसऱ्यावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे. दोन-तीन ठोक्यांनंतर पाते उघडून पाहायचे. ठोका जास्त पडला, तर पाते जाम होते. मग तेलाचा एक थेंब आणि थोडी उघडझाप.

१०/ नवा चाकूही पुष्कळदा असाच हाती येई: पाते एका बाजूला घासणारे, पत्र्याची कड बोचणारी. पत्रा किंचित वाकवला की पाते मध्यावर येते. कानस फिरवली की कड मऊ होते. पोलाद गंजणारे असल्यामुळे पाते पुसून तेलाचे बोट फिरवणे रोजचे. धारेसाठी पात्याचा सपाट उतार सहाणेवर पूर्ण टेकवून घासायचा. कोन मोजण्याची गरज तो उतारच संपवतो.

११/ मात्र एक दोष घरी दुरुस्त होत नाही. पाते तापवून विझवताना पाणी नीट चढले नसेल, तर धार दुमडते किंवा तिचे कपचे उडतात. सैल रिव्हेट हातोडीने सुधारतो. बिघडलेले पाणी सुधारायला पुन्हा भट्टीच लागते. म्हणून स्वस्त चाकूची पारख करताना मुठीपेक्षा धार पाहायची. मिकीच्या नावाची किंमत याच एका गोष्टीवर तोलली जाई.

१२/ हा समजूतदारपणा केवळ जपानी नव्हता. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल याने लाकडी मुठीचा साधा शेतकरी-चाकू घडवला. ओल लागली की त्याचे लाकूड फुगते आणि पाते अडकते. तेथील लोक मुठीचे टोक टेबलावर आपटून पाते बाहेर काढतात. पाते जागेवर रोखणारी फिरती कडी या चाकूला आली १९५५ मध्ये. तोवरची साठ-पासष्ट वर्षे ग्राहकांनी तिच्याविना काढली.

१३/ जपानमध्ये मात्र वारे बदलत होते. १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा याने खाचांवर तुटणाऱ्या पात्याचा कटर शोधला. धार गेली की तुकडा मोडा, पुढची धार तयार. स्वस्त चाकूचा हा दुसरा मार्ग होता. त्यात सहाण नको, तेल नको, शिकणेही नको.

१४/ १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो आसानुमा यांची भर सभेत हत्या झाली. मारेकरी अवघा सतरा वर्षांचा होता. हत्यार होते आखूड तलवार. परंतु त्या धक्क्यातून मुलांच्या हाती पाती देऊ नयेत, अशी मोहीम देशभर पसरली आणि तिचा फटका पेन्सिलीला टोक करणाऱ्या चाकूला बसला.

१५/ चाकूची जागा पेन्सिल-शार्पनरने घेतली. मागणी आटली, तशा मिकीतील भट्ट्या एकामागून एक थंडावल्या. जिथे अनेक उत्पादक होते, तिथे आज हे व्यापारचिन्ह वापरणारी ‘नागाओ कानेकोमा’ ही एकच कार्यशाळा उरली आहे. चाकूच्या दर्जात खोट निघाल्यामुळे हे घडले नाही. तो वापरायला शिकणारी पिढीच उरली नाही.

१६/ नागानो प्रांतातील इकेदा येथे एका प्राथमिक शाळेने उलटी वाट धरली. तेथे मुलांना हिगोनोकामी दिला जातो आणि ती त्याने पेन्सिली तासतात. बोट कापण्याची भीती शिक्षकांनाही आहेच. पण पात्याची धार कोणत्या दिशेला आहे, हे ओळखण्याची सवय त्यातूनच लागते.

१७/ हिगोनोकामीचे अर्धे काम मिकीचा लोहार करी आणि उरलेले अर्धे मालकावर सोपवी. किंमत कमी होती ती त्यामुळेच. मालकाने आपला वाटा उचलणे सोडले, तेव्हा लोहाराचा वाटाही बाजारात टिकला नाही. जुन्या स्वस्त वस्तूंचा दर्जा ठरवताना हे दोन्ही वाटे मोजावे लागतात.