लोखंडी राक्षस आणि खिडकीवरचा काळा कागद

इतिहासाच्या गप्पांत आज कार्टून कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पण ऐका तर खरं.

सुट्टीत आठ वर्षांच्या नातवाबरोबर 'द आयर्न जायंट' पाहिला. १९९९चा, ब्रॅड बर्ड यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. नातू राक्षसात रमला, मी सालात अडकलो. गोष्ट घडते ऑक्टोबर १९५७मध्ये, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका काल्पनिक गावात. त्याच महिन्याच्या ४ तारखेला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला होता. जेमतेम ८४ किलोचा गोळा! पण जे रॉकेट त्याला वर नेतं, ते उद्या बॉम्ब घेऊन आपल्या डोक्यावरही येईल, ही धास्ती अमेरिकेत घरोघरी पोचली. म्हणूनच आकाशातून पडलेला राक्षस सरकारी माणसाला लगेच शत्रूचं हत्यार वाटतो. टेड ह्यूज यांच्या १९६८च्या मूळ पुस्तकात हे शीतयुद्ध नाहीच. ते चित्रपटात आलं.

चित्रपटातल्या शाळेत मुलांना एक फिल्म दाखवतात: अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली लपा. नातू खो-खो हसला. पण ही थट्टा खऱ्या गोष्टीची आहे. तिथल्या नागरी संरक्षण खात्याने बर्ट नावाचं कासव असलेली फिल्म खरोखरच काढली होती आणि १९५२पासून ती शाळांत दाखवली. धोका दिसला की कासव कवचात शिरतं, तसं तुम्ही करा.

शेवटी 'नॉटिलस' पाणबुडी गावावर अण्वस्त्र सोडते. (इतिहासाच्या मास्तराची खोड म्हणा, पण नॉटिलसवर असली क्षेपणास्त्रं कधीच नव्हती. पाण्याखालून पोलारिस सुटलं ते १९६०मध्ये.) तो सरकारी माणूस लपायची भाषा करतो, आणि सेनापती त्याला सांगतो, यातून कोणीच वाचणार नाही. तिथे मी गप्प झालो.

कारण डिसेंबर १९७१. आम्ही बडोद्याला, मी आठ वर्षांचा. आप्पांनी खळ करून खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता. भोंगा वाजला की आई आम्हा भावंडांना जेवणाच्या टेबलाखाली बसवायची. आप्पा दाराशी उभे राहायचे. मी विचारलं, "आप्पा, बॉम्ब पडला तर टेबल मोडेल का?" ते म्हणाले, "छे रे, सागवानी आहे." मी निर्धास्त झोपलो.

आप्पा इंजिनिअर होते. टेबल काय सोसेल, याचं गणित त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं येत होतं. हे मला कळलं बासष्टाव्या वर्षी, कार्टून बघताना.

नातवाने विचारलं, "आबा, कवचाने बॉम्ब अडतो?" मी "नाही" म्हणालो. त्याने थोडा विचार केला आणि राक्षस उडतो तो भाग परत लावायला सांगितला.

युद्ध १६ डिसेंबरला संपलं. तो कागद मात्र संक्रांतीपर्यंत आम्ही ओल्या फडक्याने खरवडत होतो.