तळटीप : पेनिसिलियम मार्नेफाय

* २०११ पासून ही बुरशी ‘तालारोमायसिस’ या प्रजातीत धरली जाते. मूळ मजकुरातले जुने नाव तसेच ठेवले आहे. १९५६ साली व्हिएतनाममध्ये बांबूच्या बनात राहणाऱ्या एका उंदरात ती प्रथम सापडली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील सेग्रेतँ यांनी १९५९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. प्रयोग करताना बोटाला सुई टोचून त्यांना स्वतःलाच तिची लागण झाली होती. २५ अंश सेल्सिअसला ती तंतूंनी वाढते आणि खालच्या आगरात लाल रंग सोडते. शरीराच्या ३७ अंशांना तिचे रूप पालटते, तंतूंऐवजी यीस्टसारख्या सुट्या पेशी होतात आणि जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशींच्या पोटातच त्या वाढतात. धडधाकट माणसाचे शरीर बहुधा त्यांचा बंदोबस्त करते. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशींची संख्या दर घनमिलिमीटरला १०० च्या खाली गेली, की मात्र त्या यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, त्वचा अशा पसरत जातात. ताप, वजन घटणे, गाठी सुजणे हे सारे क्षयासारखेच, म्हणून निदान चुकते. चेहऱ्यावरच्या, मधोमध खळगा असलेल्या पुळ्या ही नजरेत भरणारी खूण. पण ती प्रत्येक रुग्णात दिसत नाही. थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन हे या रोगाचे मुख्य प्रदेश. भारतात तो प्रामुख्याने मणिपुरात आढळतो. आधी शिरेतून अॅम्फोटेरिसिन बी, मग कित्येक महिने इट्राकोनॅझोल आणि जोडीला एचआयव्हीची औषधे, असा उपचारक्रम असतो. — संपा.