तोदे

तोदे (स्थानिक उच्चार : तूदी) ही र्‍युक्यू द्वीपसमूहातील, मुख्यतः ओकिनावा बेटावरील, हातापायांनी लढण्याची जुनी कला होय. आजचे कराटे याच कलेतून घडले. 'ते' म्हणजे हात आणि 'तोदे' म्हणजे 'तांगचा हात'. तांग हे चिनी राजघराण्याचे नाव ओकिनावात चीन या अर्थानेच वापरले जाई, त्यामुळे या शब्दाचा खरा अर्थ 'चिनी हात' असा होतो. कराटे ही जपानी सामुराईंची परंपरागत विद्या असल्याचा समज सर्वत्र आढळतो, परंतु टोकियोत तिचे महत्त्वाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १९२२ साली. त्यापूर्वी मुख्य जपानात ती फारशी परिचित नव्हती.

== पार्श्वभूमी ==
ओकिनावा हा १८७९ पर्यंत जपानचा प्रांत नव्हता. तेथे र्‍युक्यू हे निराळे राज्य होते. १३७२ मध्ये चूझानचा राजा सात्तो याने मिंग सम्राटाला नजराणा पाठवून चीनशी संबंध जोडले. १४२९ च्या सुमारास शो हाशी याने बेटावरील तीन राज्ये एकत्र आणली आणि शुरी येथे राजधानी भरभराटीस आली. नाहा बंदरातून चीन, जपान, कोरिया, सयाम व मलाक्का यांच्याशी व्यापार चाले.

नाहाजवळच्या कुमे या वस्तीत चीनच्या फुजियान प्रांतातून आलेली कुटुंबे राहत. परंपरेनुसार ती १३९२ मध्ये आली. र्‍युक्यूचे अधिकारी, व्यापारी व विद्यार्थी फुजियानमधील फूचौ शहरात दीर्घकाळ मुक्काम करीत, तर नव्या राजाला मान्यता देण्यासाठी चिनी सम्राटाचे दूत मोठ्या लवाजम्यासह शुरीला येत. चिनी युद्धकला ओकिनावात पोहोचली ती या मार्गांनी. १६०९ मध्ये दक्षिण जपानच्या सात्सुमा संस्थानाने राज्य जिंकले. पुढे र्‍युक्यूचे राजे सात्सुमाचे मांडलिक झाले, पण चीनला नजराणा पाठवणेही चालूच राहिले.

== निःशस्त्र शेतकऱ्यांची कथा ==
जेत्यांनी शस्त्रे काढून घेतली, म्हणून गरीब शेतकऱ्यांनी रात्री लपूनछपून हातांनी लढण्याची कला घडवली आणि शेतीच्या अवजारांची शस्त्रे केली, ही कथा अनेक पुस्तकांत सापडते. ती आकर्षक आहे, पण पुराव्याला फारशी टिकत नाही.

तिचा एक आधार म्हणजे शुरीच्या राजवाड्यातील १५०९ चा लेख. राजा शो शिन याच्या कारकिर्दीतील या लेखात तलवारी व धनुष्यबाणांचा उल्लेख आहे. इतिहासकार इहा फुयू यांनी त्याचा अर्थ शस्त्रे काढून घेतल्याचा लावला, तर नंतरच्या अभ्यासकांनी राज्याच्या रक्षणासाठी शस्त्रे साठवली असा. दुसरा आधार ब्रिटिश नौदल अधिकारी बेसिल हॉल यांचा. ते १८१६ मध्ये ओकिनावात आले होते व तेथे शस्त्रे दिसली नाहीत असे त्यांनी लिहिले. पुढच्या वर्षी सेंट हेलेना बेटावर त्यांनी हे नेपोलियनला सांगितले, तेव्हा शस्त्रांवाचून चालणाऱ्या देशाचे त्याला मोठे नवल वाटले. हॉल यांना परक्या पाहुण्याला दाखवले जाईल तेवढेच दिसले असणार, हे उघड आहे. सात्सुमाने शस्त्रांवर निर्बंध घातले हे खरे, पण ते सरसकट नव्हते.

शिवाय ज्या गुरूंची नावे आज ज्ञात आहेत ते बहुतेक शेतकरी नव्हते. ते 'पेचिन' या अधिकारी वर्गातील, म्हणजे दरबारी सेवक, रक्षक व कारकून अशा घराण्यांतील होते. साई हे लहान त्रिशुळासारखे लोखंडी आयुध तर शांतता राखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असे.

भारतात प्रचलित असलेली दुसरी कथा बोधिधर्माची. दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात युद्धकला शिकवली आणि तीच पुढे कराटे झाली, असे सांगतात. या कथेला आधार असलेला 'यी जिन जिंग' हा ग्रंथ मात्र १७व्या शतकातील, म्हणजे बोधिधर्मानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेला मानला जातो.

== लिखित नोंदी व गुरुपरंपरा ==
तोदेविषयी जुने लिखित साहित्य अत्यल्प आहे. १७६२ मध्ये र्‍युक्यूचे एक जहाज भरकटून जपानच्या तोसा प्रांतात लागले. त्यावरील लोकांच्या जबान्यांवरून तयार झालेल्या 'ओशिमा हिक्की' या टिपणात, अंगाने लहान असूनही मोठ्या माणसाला नमवणाऱ्या एका चिनी व्यक्तीचा उल्लेख आहे. तिचे नाव कुशांकू या 'काता'च्या रूपाने आजही टिकून आहे. काता म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका. ग्रंथांच्या अभावी विद्या जतन करण्याचे तेच मुख्य साधन होते.

मात्सुमुरा सोकोन हे १९व्या शतकातील सर्वांत प्रभावी गुरू होत. शुरीच्या शेवटच्या राजांच्या सेवेत त्यांनी रक्षक म्हणून काम केले. चिनी कलेबरोबरच त्यांनी सात्सुमाची 'जिगेन-र्‍यू' ही तलवारविद्याही आत्मसात केली होती, म्हणजे ज्यांनी राज्य जिंकले त्यांच्याकडूनही ओकिनावाने शिकून घेतले. नाहाचे हिगाओन्ना कानर्‍यो (१८५३–१९१५) फूचौ येथे जाऊन शिकले. त्यांच्या परंपरेत श्वासावर भर देणारा 'सांचिन' हा काता पायाभूत मानला जातो. हे शिक्षण गवताने गुंडाळलेल्या 'माकीवारा' या फळीवर ठोसे मारणे, वजने उचलणे अशा कष्टाच्या सरावाचे असे. मल्लविद्येसारखा 'तेगुमी' हा खेळ मात्र सामान्य मुलेही खेळत, आणि कराटेतील पकडींशी त्याचा संबंध जोडला जातो.

शुरी-ते, नाहा-ते व तोमारी-ते ही त्रिविध वर्गवारी बरीच नंतरची आहे. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून काही किलोमीटरवरच असल्याने गुरूशिष्यांची ये-जा सहज होई.

== शाळांत प्रवेश ==
राज्य संपुष्टात आल्यावर पेचिन वर्गाचे उत्पन्न गेले आणि विद्येचा आश्रयही. मात्सुमुरांचे शिष्य इतोसु आंको (१८३१–१९१५) यांनी ती वाचवण्यासाठी शाळेचा मार्ग निवडला. १९०१ च्या सुमारास ती शुरीच्या प्राथमिक शाळेत शिकवली जाऊ लागली. १९०८ मध्ये इतोसु यांनी दहा कलमांचे पत्र लिहून तिचे शारीरिक शिक्षणातील व सैनिकी सेवेतील महत्त्व मांडले. मुलांसाठी त्यांनी 'पिनान' हे पाच सोपे काता रचले. मोजक्यांना खाजगीत दिली जाणारी विद्या अशा रीतीने वर्गात रांगेने शिकवली जाऊ लागली. तिचा प्रसार झाला, पण प्रत्यक्ष लढाईतील पकडी व डावपेच मागे पडले, असा आक्षेप आजही घेतला जातो.

== नामांतर ==
१९२२ मध्ये इतोसु यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी टोकियोत प्रात्यक्षिक केले व ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांच्या प्रोत्साहनाने ते तेथेच राहिले. नवी अडचण नावाची होती. 'चिनी हात' हे नाव राष्ट्रवादाने भारलेल्या त्या काळात गैरसोयीचे ठरले. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया व्यापला होता. 'तो' या अक्षराचा 'कारा' असाही उच्चार होतो, आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ 'रिकामा' आहे. त्यामुळे उच्चार 'कारा-ते' ठेवून केवळ अक्षर बदलता आले. हे अक्षर हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्येच वापरले होते. फुनाकोशींनी त्याला बौद्ध शून्यतेचा अर्थ जोडला आणि कातांची नावेही बदलली : पिनानचे हेआन, कुशांकूचे कांकू. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे एका वृत्तपत्राने बोलावलेल्या बैठकीत ओकिनावातील गुरूंनीही 'रिकामा हात' हे नाव स्वीकारले. पुढच्याच वर्षी जपान व चीन यांच्यात युद्ध पेटले.

१९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत शुरीचा राजवाडा व असंख्य कागदपत्रे नष्ट झाली. गोजू-र्‍यूचे संस्थापक मियागी चोजुन यांचे अग्रगण्य शिष्य शिंझातो जिनआन हे त्याच लढाईत मारले गेले. जुन्या इतिहासाचा बराचसा भाग त्यामुळे मौखिक आठवणींवरच उभा आहे. २००५ मध्ये ओकिनावाच्या प्रांतिक विधानसभेने २५ ऑक्टोबर हा 'कराटे दिन' ठरवला, आणि २०१७ मध्ये नाहाजवळ तोमिगुसुकू येथे या कलेला वाहिलेले 'ओकिनावा कराटे काइकान' सुरू झाले.